नारळीकरांच्या बलूनने काय सिद्ध केलं आणि काय नाही

मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा सारांश असा: जीवसृष्टी पृथ्वीवर निर्माण झालीच नाही, ती अंतराळातून आली, आणि हे डॉ. जयंत नारळीकरांनी बलून पाठवून सिद्ध केलं. रसायनांपासून जीव होणं गणितानेच अशक्य ठरलंय. पाश्चरने ते आधीच खोडलं होतं, मिलरचा प्रयोग फसला, शास्त्रज्ञांचं आपसात पटत नाही, आणि आता लघुग्रहावर जीवनाचे घटक सापडल्याने वाद मिटला. नारळीकरांचं नाव दिसलं की लोक न तपासता हे पुढे पाठवतात. त्यांनी कधीही न केलेला दावा त्यांच्या नावावर खपवला जातो, म्हणून एकेक मुद्दा नीट घेऊ.

आधी बलून. २००१ च्या जानेवारीत आणि पुन्हा २००५ च्या एप्रिलमध्ये हैदराबादहून इस्रोच्या मदतीने बलून सोडले गेले. २००५ च्या उड्डाणात निर्जंतुक, निर्वात केलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवून वर नेल्या होत्या. त्या थंडीमुळे बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन गोठते. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा अशी गोळा झाली, नळ्या पॅराशूटने उतरल्या आणि हैदराबादची सीसीएमबी व पुण्याची एनसीसीएस या दोन संस्थांनी नमुने स्वतंत्रपणे तपासले. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. जिवाणूंपैकी ९ पृथ्वीवरच्या ज्ञात प्रजातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळल्या. तीन जिवाणू नवे निघाले: जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट.

फिरणाऱ्या मजकुरात ‘तीन नवे’ तेवढे येतात, ‘नऊ ओळखीचे’ गाळले जातात. शिवाय नवे म्हणजे परके नव्हेत. इस्रोनेन्सिसचा एक जवळचा नातलग जंगलातल्या मातीत सापडलेला आहे, हॉयलीचा सांडपाण्याच्या गाळात. तिघांचाही डीएनए आपल्याच घडणीचा. जिवाणूंची न नोंदवलेली प्रजाती तर कुठल्याही शेतातल्या मूठभर मातीत मिळू शकते.

मग ते इतक्या वर गेले कसे? खालची हवा सहसा तितक्या उंचीवर मिसळत नाही, हा नारळीकरांच्या गटाचा मुद्दा रास्त होता आणि तो उडवून लावू नये. पण ‘सहसा’ म्हणजे ‘कधीच’ नव्हे. २०२२ च्या जानेवारीत टोंगाजवळच्या समुद्री ज्वालामुखीचा लोट ५७ किलोमीटरपर्यंत चढला. आणि मुख्य गोष्ट, मार्च २००९ मध्ये निकाल जाहीर करताना इस्रोच्या निवेदनातच म्हटलं होतं की या अभ्यासाने सूक्ष्मजीवांचं पृथ्वीबाहेरचं मूळ निर्णायकपणे सिद्ध होत नाही, मात्र काम पुढे नेण्यास उत्तेजन मिळतं. प्रयोग करणाऱ्यांनी जे म्हटलं नाही ते त्यांच्या नावाने सांगण्याचा हक्क कोणालाच नाही.

दुसरा मुद्दा गणिताचा. ‘एकावर ४०,००० शून्ये, त्यात एक शक्यता’ हा त्यामागचा आकडा नारळीकरांचे गुरू, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल, आणि हॉयल यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांचा. तो आला कुठून ते पाहिलं की कच्चा दुवा लगेच सापडतो. एक एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, योगायोगाने जुळण्याची शक्यता त्यांनी एकावर २० शून्ये, त्यात एक, अशी धरली. पेशीला अशी सुमारे २,००० एन्झाइम लागतात, म्हणून २० गुणिले २,०००. म्हणजे आजच्या पेशीतली सगळी एन्झाइम एकदम, आपोआप, टप्प्याटप्प्याने निवड न होता जुळली पाहिजेत असं गृहीत धरलं. असं घडलं हे जीवोत्पत्तीवर काम करणारं कोणी म्हणतच नाही.

हॉयल यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. हे गणित १९८१ चं. पुढच्याच वर्षी थॉमस चेक यांनी दाखवलं की आरएनए हा डीएनएचा नातलग रेणू स्वतःच स्वतःला कापून जोडू शकतो, एन्झाइमशिवाय. सिडनी ऑल्टमन यांच्यासह त्यांना १९८९ चं नोबेल मिळालं. आपल्या पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल वेंकी रामकृष्णन यांना २००९ चं नोबेल विभागून मिळालं, आणि त्या यंत्राच्या गाभ्यात प्रथिनांची साखळी जोडण्याचं काम आरएनएच करतो हे आता पक्कं आहे. तेव्हा सुरुवातीला २,००० एन्झाइम हवीत ही अटच उरत नाही. एका एन्झाइमचा अंदाजही तपासला गेला. २००१ मध्ये कीफ आणि शोस्टाक यांनी सुमारे ६ लाख कोटी यादृच्छिक प्रथिनं तयार केली. त्यांच्या हिशेबाने साधारण दहा हजार कोटींत एक प्रथिन एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूला धरून ठेवतं. काम अगदी साधं आहे, पण उत्क्रांतीला सुरुवात करायला साधंच लागतं.

पाश्चरबद्दल थोडक्यात. हंसाच्या मानेसारख्या नळीच्या चंबूत उकळलेला रस्सा बंदोबस्तात ठेवला तर त्यात जिवाणू आपोआप होत नाहीत, एवढं त्याने दाखवलं. प्राणवायूरहित हवेत, अख्ख्या ग्रहावर, कोट्यवधी वर्षांत काय होऊ शकतं हा त्याच्या प्रयोगाचा विषय नव्हता.

मिलरचा प्रयोग फसला हेही खरं नाही. १९५३ मध्ये शिकागोत स्टॅन्ली मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याच्या वाफेत विजेच्या ठिणग्या पाडल्या. पहिल्या दिवसानंतर पाणी गुलाबी झालं, आठवड्याअखेरीस गडद लाल आणि गढूळ. त्यात ग्लायसीन, ॲलानिन ही अमिनो आम्लं निघाली. आद्य वातावरणात बहुधा कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त होते, हा आक्षेप खरा आहे. पण २००८ मध्ये तशाच वायूंवर प्रयोग झाले आणि पाण्याची आम्लता व ऑक्सिडीकरण आटोक्यात ठेवल्यावर अमिनो आम्लं मिळाली. त्याच वर्षी मिलरच्या जुन्या कुप्या आधुनिक उपकरणांनी तपासल्या, तेव्हा ज्वालामुखीसारखी रचना असलेल्या प्रयोगात २२ अमिनो आम्लं सापडली. पेशी मात्र मिळाली नाही. तसा दावा मिलरने केलाच नव्हता.

शास्त्रज्ञांचं पटत नाही, हे खरं आहे. वाद मुख्यतः जागेचा आहे. एक गट समुद्रतळाच्या क्षारीय झऱ्यांकडे बघतो, २००० साली अटलांटिकमध्ये सापडलेल्या ‘लॉस्ट सिटी’सारख्या. तिथे हायड्रोजन आहे आणि सच्छिद्र भिंतींच्या दोन बाजूंना रासायनिक फरक आहे, म्हणजे ऊर्जा आयती. दुसरा गट विचारतो, रेणूंची साखळी जुळताना पाण्याचा रेणू बाहेर पडावा लागतो, मग भर समुद्रात ती टिकेल कशी? ते भरणाऱ्या आणि सुकणाऱ्या डबक्यांकडे बोट दाखवतात. २००९ मध्ये जॉन सदरलँड यांच्या गटाने आरएनएचे दोन घटक साध्या रेणूंपासून, सूर्याच्या अतिनील किरणांची मदत घेऊन बनवून दाखवले, तेव्हापासून या बाजूचं पारडं मला जड वाटतं. पण ऊर्जेचा प्रश्न झऱ्यांचा गटच अधिक नेमका मांडतो. या वादातून रोज तपासता येणारे प्रश्न निघतात. वाद आहे म्हणून दोन्ही बाजू खोट्या, हा तर्क कुठेच टिकत नाही.

लघुग्रहाचा मुद्दा उलट अंगावर येणारा आहे. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या नमुन्यांत आपल्या प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आणि डीएनए-आरएनएचे पाचही क्षारक सापडले. पण ही आम्लं डाव्या आणि उजव्या, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या, रूपांत जवळपास सारख्याच प्रमाणात होती. सजीव जवळजवळ फक्त डावी वापरतात. म्हणजे बेन्नूवर दिसलं ते निर्जीव रसायनशास्त्र. जीवनाचे घटक जीवाशिवाय सहज तयार होतात याचाच हा पुरावा आहे.

राहता राहिला अंतराळातून आगमनाचा मूळ विचार. तो वेडगळ नाही. जपानच्या प्रयोगात डायनोकॉकस जिवाणूंचे थर अंतराळ स्थानकाबाहेर तीन वर्षं तगले, आणि मंगळाचे खडक उल्का होऊन पृथ्वीवर पडलेले आहेत. पण जीव दुसरीकडून आला असेल, तर तिथे तो कसा झाला? हॉयल आणि नारळीकर यांना हा प्रश्न फारसा अडवत नव्हता, कारण ते ज्या विश्वाची मांडणी करत होते त्याला आरंभच नव्हता. अनादि काळात कितीही दुर्मीळ गोष्ट घडू शकते. आज बहुतेक खगोलशास्त्रज्ञ मानतात त्या विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे, पृथ्वीचं ४५४ कोटी. जागा बदलून वेळ फार तर तिप्पट मिळतो, आणि जो एकावरच्या ४०,००० शून्यांना घाबरतो त्याला तिपटीने काय दिलासा?

हा विचार तपासायचा तर मंगळ ही योग्य जागा आहे. तिथे भूपट्ट सरकत नाहीत, म्हणून साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीचे सरोवराचे थर शाबूत आहेत. नासाची पर्सिव्हिअरन्स ही गाडी २०२१ पासून जेझेरो विवरात त्यांचे नमुने नळ्यांत भरते आहे. त्यात जीव सापडला आणि त्याची घडण आपल्याहून अगदी वेगळी निघाली, तर जीव दोनदा स्वतंत्रपणे निर्माण झाला असं म्हणावं लागेल. आपल्याच घडणीचा निघाला, तर स्थलांतराला पहिला भक्कम आधार मिळेल. पण तेव्हाही मंगळावरच्या डबक्यात की झऱ्यात, हा प्रश्न उरेलच, आणि त्याचं उत्तर रसायनशास्त्रातच शोधावं लागेल.