बत्तिशी

रॅमच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या कामापुरत्या आठवणीच्या, दोन स्टिक, एकेक १६ जीबीची. सोळा दुणे बत्तीस. दुसरीतल्या पोरालाही येणारा हा पाढा माझ्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरला येत नव्हता. विंडोजच्याही आधी जागा होऊन सगळे भाग तपासणारा जो बायोस, त्याच्या पडद्यावर तो मख्खपणे सांगत होता : १६३८४ एमबी. १०२४ एमबीचा एक जीबी, म्हणजे सोळाच. सोळा आणे म्हणजे भरलेला रुपया, या जुन्या हिशेबाने त्याचं बरोबर असेलही. पण मी बत्तीस घातले होते. सोळा वर, सोळा खाली अशी पुरी बत्तिशी असूनही एखाद्याने फक्त वरच्या जबड्यावर जगायचं ठरवावं, तसा प्रकार.

आणि हे सोळासुद्धा सुखासुखी मिळाले नव्हते.

"कॉम्प्युटर मीच जोडणार," असं मी घरात जाहीर केलं तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "जुना चालू ठेवणार ना तोवर?" तो मला टोमणा वाटला. ती सूचना होती, हे पुढच्या तीन रात्रींत हळूहळू उमगत गेलं.

सगळे भाग टेबलावर मांडले. या कामात छाती धडधडते ती प्रोसेसर बसवताना. मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी; तिच्यावरच्या सॉकेटमध्ये केसासारख्या १७०० पिना उभ्या असतात. त्यांवर प्रोसेसर अलगद ठेवायचा आणि मग शेजारची लोखंडी दांडी दाबून खाली अडकवायची. ती दाबताना जो करकर आवाज येतो तो ऐकून आपण काहीतरी कायमचं मोडलं, अशी खात्रीच पटते. तो तसाच येतो म्हणे. वर तो थंड ठेवणारा कूलर ठेवला, त्याचे चार स्क्रू एकेक करून पुरते आवळले (हे आपल्या हातचं काम, चुटकीसरशी झालं) आणि रॅमकडे वळलो.

रॅमचे स्लॉट चार, स्टिक दोन. मी त्या पहिल्या दोन स्लॉटमध्ये बसवल्या. बस रिकामी असताना पुढची सीट सोडून कुणी मागे जाऊन बसतं का? नवशिके लोक रॅम दाबायला घाबरतात, बोर्ड वाकेल म्हणून हात आखडता घेतात आणि स्टिक अर्धवट बसते, असं ऐकून होतो. माझा हात आखडला नाही. टक्, टक्. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाठिक्कर. बोर्डाच्या कोपऱ्यात 'डीरॅम' या अक्षरांशेजारी एक पिवळा दिवा लागला आणि लागूनच राहिला.

भाच्याला फोन केला. हा भाचा लहानपणी माझ्या मांडीवर बसून माझ्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचा. आता तो माझ्याशी डॉक्टर पेशंटशी बोलतो तसा बोलतो.

"मामा, कुठल्या स्लॉटमध्ये घातल्यास?"

"पहिल्या दोन."

"प्रोसेसरच्या बाजूने मोज. दुसऱ्यात आणि चौथ्यात घाल."

"का पण?"

"मॅन्युअलमध्ये लिहिलंय."

लिहिलं होतं. चित्रासकट. स्लॉटची नावं ए१, ए२, बी१, बी२. दोनच स्टिक असतील तर ए२ आणि बी२. ए आणि बी हे दोन वेगळे चॅनेल, प्रोसेसरकडे जाणारे दोन वेगळे रस्ते. मी दोघींना एकाच रस्त्यावर दाटीवाटीने उभं केलं होतं. शिवाय प्रत्येक रस्ता पहिल्या स्लॉटवरून पुढे दुसऱ्यापर्यंत जातो; टोकाचा स्लॉट रिकामा राहिला तर सिग्नल तिथवर जाऊन आपटतो आणि परत येऊन बाकीच्यांच्या बोलण्यात बोलतो. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो तसं. शेवटच्या रांगेत माणूस बसवायचा म्हणजे घुमत नाही. हे मला इतकं पटलं की बसचं उदाहरण मी मनातल्या मनात मागे घेतलं.

स्टिक हलवल्या. पुन्हा बटण, पुन्हा काळा पडदा, पुन्हा पिवळा दिवा. वीस सेकंद वाट पाहून बंद केला. पुन्हा चालू, पुन्हा बंद. असं अकरा वेळा. रात्री भाच्याचा मेसेज आला : "ट्रेनिंग झालं का?" मला वाटलं, माझं विचारतोय.

प्रकार असा की डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम पहिल्यांदा सुरू होते तेव्हा प्रोसेसर आणि रॅम आधी एकमेकांचा अंदाज घेतात. कुठला सिग्नल किती उशिराने पाठवला तर समोरच्याला नीट ऐकू येतो, कुठल्या व्होल्टेजला येतो, हे चाचपून पाहतात. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात आणि पहिल्या वेळी त्यात काही मिनिटंही जाऊ शकतात. तोवर पडद्यावर काही म्हणजे काही येत नाही. म्हणजे दोघांचं बोलणं जरा जुळत आलं की दर वीस सेकंदांनी मी दार ढकलून, "झालं का?" असं विचारून दिवा मालवून जात होतो. अकरा वेळा! रस्ता खणणारेसुद्धा 'काम चालू आहे' अशी पाटी लावतात. इथे ती लावायला काय जड होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

बाराव्या वेळी बटण दाबलं आणि स्वतःवर विश्वास नसल्यामुळे खोलीबाहेर जाऊन बसलो. परत आलो तर बायोस उजळलेला, आणि त्यात ते १६३८४.

दुसरा दिवस सल्ल्यांचा. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "विंडोजच्या एमएसकॉन्फिगमध्ये बघ. बूटच्या पानावर 'मॅक्सिमम मेमरी'ची खूण पडलेली असेल, ती काढ." दुसरा म्हणाला, "विंडोज ३२ बिटची असणार, ती ४ जीबीच्या वर बघत नाही." दोघेही आपापल्या जागी खरे. पण माझ्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज अजून टाकलीच नव्हती. घराला छप्पर नाही आणि हे भाडेकरूवर आळ घेत होते. जे बायोसलाच दिसत नाही ते विंडोजला कुठून दिसणार?

तिसऱ्याने खोडरबर सांगितला. रॅमच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवायचा, हा उपाय आमच्या पिढीच्या रक्तात आहे. स्टिक कालच खोक्यातून निघाल्या होत्या, त्यांच्यावर मळ कुठला असणार! पण हाताला काहीतरी काम हवं होतं. लेकीचा वासाचा खोडरबर मागून आणला आणि २८८ टोकं घासली, मग दुसऱ्या स्टिकची २८८. आकडा तोच राहिला. कॅबिनेटला मात्र मंद सुवास येऊ लागला.

मग बायोसची आठवण पुसण्यासाठी बोर्डावरचा सेल काढला. सीआर२०३२. हे नाव मुळीच गूढ नाही : २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. म्हणजे घरंगळायला अगदी आदर्श माप. तो निसटला, टेबलावरून खाली पडला आणि ठरवून निघाल्यासारखा कपाटाखाली गेला. पोटावर पडून टॉर्च मारला तेव्हा तिथे दोन पेन्सिली, एक मोजा आणि बायकोची गेल्या वर्षी हरवलेली कुडी सापडली. सेल सर्वांत शेवटी. "चला, तुमच्या त्या रॅमचा काहीतरी उपयोग झाला," असं म्हणून ती कुडी घेऊन गेली. सेल परत बसवला, ट्रेनिंगसाठी पुन्हा खोलीबाहेर गेलो, परत आलो. सोळा.

आता माझ्या मनात एकच गुन्हेगार उरला होता : दुसरी स्टिक. विकणाऱ्याला पाठवायचं पत्र मी डोक्यात लिहायलाही घेतलं. कडक मराठीत. त्यात वेगाचंही एक कलम घातलं, कारण खोक्यावर ६००० छापलेलं असताना बायोस ४८०० दाखवत होता. हे भाच्याला फोनवर वाचून दाखवत होतो, तेवढ्यात बायको बाटली घेऊन आली. "अहो, एवढं उघडून द्या. तुम्हीच लावलंय झाकण." मी फोन खांद्यात धरून झाकण उघडून दिलं आणि पुढचं कलम वाचलं. भाचा म्हणाला, "वेगाचं कलम काढ. खोक्यावरचा वेग हवा असेल तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करावं लागतं, ते आपोआप होत नाही. आणि स्टिक खराब आहे हे तू कशावरून म्हणतोस? एकेकटी लावून पाहिलीस का?"

पाहिली नव्हती.

तिसऱ्या रात्री लेक शेजारी येऊन बसली. तिने एका स्टिकला लाल टिकली चिकटवली, एकीला निळी, आणि वहीत रकाने आखले. दर खेपेला आधी प्लग काढायचा, मग स्टिक काढायची, असा दंडक घातला. आजवर मी प्लग काढत नव्हतो, हे मी तिला सांगितलं नाही. लाल, ए२ मध्ये : सोळा. निळी, ए२ मध्ये : सोळा. लाल, बी२ मध्ये : काळोख. निळी, बी२ मध्ये : काळोख. बी१ मध्येही दोघींचं तेच. प्रत्येक वेळी ट्रेनिंगपुरतं थांबायचं असल्याने यात दीड तास गेला. पण वहीतलं ते पान पाहिल्यावर मला माझं कडक पत्र गिळावं लागलं. दोन्ही स्टिक धडधाकट होत्या. बी नावाचा अख्खा रस्ताच बंद होता.

"म्हणजे मदरबोर्ड!" मी म्हणालो. नवा आरोपी मिळाल्याचा आनंद माझ्या आवाजात होता.

भाचा फोनवर जरा थांबला. "असेलही. पण मामा, रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर पूर्वी मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असायचा. एएमडीने २००३ मध्ये तो प्रोसेसरच्या आत नेला, इंटेलने २००८ मध्ये. त्यामुळे रॅम दिसत नाही म्हणजे रॅमचंच दुखणं, असं नसतं. त्या १७०० पिनांपैकी एखादी जरी प्रोसेसरला नीट टेकली नाही, तरी एक चॅनेल जाऊ शकतो. पिन वाकलीय का ते बघावं लागेल."

माझ्या कानात ती दांडी पुन्हा करकरली.

"पण ते उघडायच्या आधी एक सांग. कूलरचे स्क्रू कसे आवळलेस?"

"घट्ट!" मी अभिमानाने म्हणालो.

"तसं नाही. एकाच कोपऱ्याचा आधी पूर्ण, की तिरप्या जोडीने थोडे थोडे?"

दारात उभी असलेली बायको हसायला लागली. आधी नाकातून, मग मोकळेपणी. "अहो, यांनी बंद केलेला नळ आम्ही फडकं गुंडाळून उघडतो," ती लांबूनच फोनमध्ये ओरडली. "बरण्या, बाटल्या, सगळं तसंच. विचार त्यांना!" विचारायचं काही राहिलंच नव्हतं. पहिला कोपरा मी असा आवळला होता की कूलरचा सगळा भार त्या बाजूला गेला. प्रोसेसर तिकडे दबून समोरच्या बाजूला कणभर उचलला गेला असणार. कणभर म्हणजे डोळ्याला न दिसण्याइतकं. पण तिथल्या पिनांना तेवढं पुरेसं होतं.

लेकीने स्क्रूड्रायव्हर लावला. पहिला स्क्रू हलेना. दोन्ही हात लावले, तरी हलेना. शेवटी मलाच बोलावलं. आवळणारा हात सोडवायलाही लागतो, हा माझा तीन दिवसांतला एकमेव मान. चारही स्क्रू सैल केले. मग तिने तिरपी जोडी धरून प्रत्येकाला एकेक फेरा देत ते पुन्हा बसवले आणि जिथे सहज थांबले तिथेच सोडून दिले. माझ्या मते ते सैल होते. मी काही बोललो नाही.

दोन्ही स्टिक ए२, बी२ मध्ये. बटण. आम्ही तिघंही खोलीबाहेर जाऊन बसलो, बाळंतपणाला गेलेल्या माणसांसारखे. आत पडदा उजळल्याचा उजेड दाराच्या फटीतून आला तेव्हा लेक आधी पळाली.

"बाबा, ३२७६८!"

विंडोज टाकली, एक्सएमपी चालू केलं, वेगाचं कलमही निकालात निघालं. सगळं आवरून होईतो मध्यरात्र उलटली होती. झोपण्याआधी एकदा डोळे भरून पाहावं म्हणून मी सिस्टिमचं पान उघडलं. बसवलेली रॅम : ३२.० जीबी. आणि पुढे कंसात : ३१.७ जीबी वापरण्याजोगी.

वरचे पॉइंट तीन कुठे गेले? भाच्याने एकदा सांगितलं होतं की प्रोसेसरमधलं ग्राफिक्स थोडी रॅम स्वतःसाठी बाजूला काढून ठेवतं, त्यात वावगं काही नाही. मला ते आठवत होतं. तरीपण एक कोपरा किंचित सैलच राहिलाय, असं वाटत राहिलं. अर्धा फेरा. अर्ध्या फेऱ्याने काय होतंय? मी टेबलावर हात फिरवला. खोडरबर लागला, मॅन्युअल लागलं, स्क्रूड्रायव्हर लागेना.

मान वळवून पाहिलं तर दारात बायको. स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात होता आणि बत्तिशी पुरी दिसत होती.