उलटं चाला, वरून खाली या

लेखात प्रागची पायी भटकंती जुन्या शहरातल्या टाऊन हॉलवरच्या घड्याळापासून सुरू करून शेवटी किल्ल्यावर चढायचं सांगितलंय, ते मला अजिबात पटलं नाही. आई सोबत होती, तिचे गुडघे आधीच दुखरे, आम्ही तसंच केलं आणि अर्ध्या चढावर ती एका दाराच्या पायरीवर बसूनच राहिली, किल्ला राहिला तो राहिलाच. दुसऱ्या दिवशी २२ नंबरच्या ट्रामने किल्ल्याच्या वरच्या अंगाच्या पोहोर्झेलेत्स स्टॉपला उतरलो आणि तिथून किल्ला बघून नेरुदोवा रस्त्याने आरामात खाली आलो, आई जाम खूष! त्या उतारावर घरांच्या दारांवरची चिन्हं बघा, दोन सूर्य, तीन व्हायोलिन वगैरे, १७७० साली घरांना नंबर पडायच्या आधी हाच पत्ता असायचा. चढताना धाप लागलेली असते, मान वर करून बघतंय कोण.

आणि एक राहिलंच, घड्याळाबद्दल एवढं लिहिलंत पण तिथून चार पावलांवर टाऊन हॉलच्या पूर्वेकडच्या भिंतीलगत फरसबंदीत पांढरे २७ क्रॉस आहेत त्यांचा उल्लेखच नाही. हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्ध बंड करणारे १६२० ला प्रागजवळची व्हाइट माउंटनची लढाई हरल्यावर २१ जून १६२१ ला त्या बंडातल्या २७ जणांना टाऊन हॉलसमोरच्या याच चौकात जाहीरपणे मारलं, त्यांची आठवण आहे ती. लोक सेल्फीच्या नादात त्यावर सरळ पाय देऊन जातात, आईने मात्र हात धरून मला बाजूला ओढलं. प्लीज लेखात तेवढं टाकाच.