हळदीला हलवलं नाही, त्याबद्दल

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायला बसले आणि लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. रागाच्या भरात लिहिलेलं होतं. आज सकाळी पिंजऱ्याचा ट्रे धुताना डोकं जरा थंड झालं, म्हणून आता सविस्तर लिहिते.

ज्यांनी माझा मागचा लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आमच्या नाशिकच्या घरात गॅलरीतल्या चार फुटी पिंजऱ्यात पाच बजरीगर, म्हणजे छोटे रंगीत पोपट, होते : हळदी आणि निळू, चिंगी आणि गुंड्या ही दोन जोडपी, आणि हळदीचाच गेल्या वर्षीचा मुलगा बंड्या. जानेवारीत हळदीच्या मडक्यात (पिंजऱ्यात टांगलेलं मडकं हेच यांचं घरटं) पाच पिल्लं होती. थोरलं नऊ दिवसांचं आणि धाकटं एका दिवसाचं असताना निळू सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेला सापडला. का गेला ते कळलं नाही. पुढे हळदीने एकटीने पिल्लं वाढवली. पाचांतली चार जगली.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : नर गेला त्याच दिवशी मादीला पिल्लांसकट वेगळ्या पिंजऱ्यात हलवायला हवं होतं, बाजारातून दुसरा नर आणून लावायला हवा होता, ते जमत नसेल तर सगळी पिल्लं काढून हाताने भरवायला हवी होती. 'तुम्ही नुसतं बघत बसलात, एक पिल्लू हकनाक गेलं, आणि वर त्यावर हळवा लेख लिहिलात,' हे तुमचं शेवटचं वाक्य. वीस वर्षं पक्षी पाळताय म्हणता, तेव्हा वडीलकीच्या नात्याने बोललात असं धरते.

हळव्या लेखाचं आधी मिटवून टाकू. शीर्षकात 'विधवा' शब्द घातला तो चुकलाच. तो आपला, माणसांचा शब्द. निळू गेला त्या दिवशीही हळदीने दहा वाजता नेहमीसारखे राळे खाल्ले. तिला दुःख झालं की नाही हे मला माहीत नाही. तिला अडचण झाली, हे मात्र डोळ्यांनी दिसलं.

ती अडचण काय, ते नीट सांगते, कारण आपल्या दोघांचा खरा वाद तिथेच आहे. बजरीगरात अंडी फक्त मादी उबवते. एका दिवसाआड एक अंडं, पहिल्या अंड्यापासूनच बैठक, साधारण १८ दिवसांनी पिल्लू. त्यामुळे पिल्लंही दिवसाआड निघतात आणि एकाच मडक्यात एक अंगावर काटे फुटू लागलेलं तर दुसरं भिजवलेल्या शेंगदाण्याएवढं, असा प्रकार असतो. या सगळ्या काळात मादी बाहेर येते ती शिटायला आणि दोन घास खायला. नर मडक्याच्या तोंडाशी बसतो, मान खालीवर हलवत पोटातले दाणे वर आणतो आणि तिच्या चोचीत घालतो. तेच ती पुढे पिल्लांना देते. निळू तासाला तीन-चार फेऱ्या मारायचा. म्हणजे निळू गेला तेव्हा पिल्लांची आई तशीच होती, घरात दाणे आणणारा गेला होता.

मग मी दाणे आणणारी झाले. मडक्याच्या तोंडापासून बोटभर अंतरावर, जिथे निळू बसायचा त्याच काडीला, एक उथळ वाटी तारेने बांधली. त्यात रात्रभर भिजवून मोड काढलेले राळे, उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून, वर चिरलेली कोथिंबीर. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा शेजारी अडकवला. अंडं दर तीन तासांनी बदलायचं, नाहीतर ते आंबतं आणि सगळीच पिल्लं आजारी पडतात. पहिल्या दिवशी हळदीने वाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मडक्यातून अर्धीच बाहेर आली, शेपूट आतच, आणि तिथल्या तिथे अंडं गपागप खाऊन परत आत. घड्याळ लावलं तर चाळीस सेकंद. खालच्या मोठ्या भांड्यापर्यंत उतरून, खाऊन, पाणी पिऊन यायला तिला पाच-सहा मिनिटं लागायची. नाशिकची जानेवारीतली थंडी आणि अंगावर पीस नसलेली पिल्लं, यात ती पाच मिनिटं फार मोठी असतात.

आता तुमचा पहिला मुद्दा, हलवण्याचा. दादा, हलवायचं हे बरोबरच. पण कुणाला? हळदीचा सगळा जीव त्या मडक्यात, त्या कोपऱ्यात, त्या उंचीवर होता. लहान पिल्लं असताना मडकं उचलून नव्या पिंजऱ्यात टांगलं तर मादी घाबरून बाहेरच बसून राहू शकते, आणि रात्री ती आत गेली नाही तर सकाळपर्यंत पिल्लं गार. हा जुगार मी खेळले नाही आणि आजही खेळणार नाही. हलवायचं होतं ते बाकीच्यांना. चिंगी आणि गुंड्याला मी तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पिंजऱ्यात टाकलं. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पिल्लू गेलं ते या दोन दिवसांमुळे.

झालं ते असं. निळू होता तोवर मडक्याच्या काडीवर पहारा असायचा. चिंगी जवळ आली की तो चोच उघडून अंगावर जायचा. तो गेल्यावर काडी मोकळी. तिसऱ्या दिवशी दुपारी हळदी पाण्याला खाली उतरली आणि चिंगी आत शिरली. मी स्वयंपाकघरात होते. पिल्लांचा आवाज ऐकून धावत आले तोवर हळदीही आत घुसली होती आणि मडक्याच्या आत दोघींची जुंपलेली. मडकं तारेवर गदागदा हलत होतं. हात घालून चिंगीला बाहेर काढलं, तिने अंगठ्याला कचकचून चावा घेतला. मधल्या पिल्लाच्या डोक्यावर आणि पंखावर चोचीच्या जखमा होत्या. संध्याकाळपर्यंत ते गेलं.

लोक या पक्ष्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतात. दुकानदारही म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, वेगळेच. हे मूळचे ऑस्ट्रेलियातले, १८४० साली जॉन गूल्डने जिवंत पक्षी इंग्लंडला नेले आणि तिथून जगभर पसरले. त्या दिवशी मडक्यात हात घातला असतात तर हे नाव कुणाला सुचलं, असा प्रश्न तुम्हालाही पडला असता.

पण दादा, खरी चूक त्या दोन दिवसांच्याही आधीची आहे आणि ती तुमच्या नजरेतून सुटली, याचं मला नवल वाटलं. मूळ लेखातल्या फोटोत ती स्पष्ट दिसते. दोन मडकी होती, एक वर आणि एक वीतभर खाली. हळदीचं वर होतं. एका पिंजऱ्यात दोन माद्या असतील तर मडकी एकाच उंचीवर हवीत, एकसारखी हवीत आणि जोड्यांपेक्षा जास्त हवीत. कारण उंचावरचं घर दोघींनाही हवं असतं. रानात हे पक्षी झाडांच्या ढोल्यांत घरटी करतात, एकाच झाडावर अनेक जोड्याही नांदतात, पण ढोलीचं पटलं नाही तर मादीला उडून दुसरं झाड गाठता येतं. चार फुटांत कुठे जाणार? चिंगीने तिच्या मडक्यात अंडी घातलीच नव्हती. महिनाभर ती वरच्या मडक्याकडे बघत बसायची. ते मी पाहत होते आणि 'किती शांत आहे बिचारी' म्हणत होते. 'बघत बसलात' हे तुमचं वाक्य इथे अगदी चपखल बसतं, मात्र तुम्ही लावलंत त्या जागी नाही.

दुसरा नर का आणला नाही? साधा हिशेब आहे. बाजारातला नवा पक्षी घरातल्या पक्ष्यांत सोडण्याआधी किमान तीस दिवस वेगळा ठेवायचा, हे वीस वर्षांत तुम्हीही कुणाला तरी सांगितलंच असेल. बजरीगरचं पिल्लू तीस-पस्तीस दिवसांत मडक्याबाहेर येतं. म्हणजे नवरदेवाचा मुक्काम संपेपर्यंत निम्मी पोरं उडायला लागलेली. तीस दिवस न पाळता आणला तर आजार कुठला येईल याचा भरवसा नाही. आणि आणला, हळदीला पटलाही, तर ती नवीन अंड्यांच्या मागे लागणार, मडकं रिकामं करायला असलेल्या पिल्लांची पिसं उपटणार. परक्या नराला ती पिल्लं आपली वाटतीलच असंही नाही. तुमच्याकडे हे जमून गेलं असेल, मी नाकारत नाही. काही नर जातीचेच सोज्वळ असतात.

हाताने भरवण्याचं मात्र तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि तेवढं मी केलंही होतं. लेख लांबला म्हणून तो भाग गाळला. सगळी पिल्लं काढली नाहीत. आठवड्याच्या आतल्या पिल्लाला रात्रंदिवस दर दोन तासांनी भरवायचं आणि शिवाय ऊब द्यायची, हे नोकरी सांभाळून करणारी बाई मी नाही. आई आत बसलेली असताना तिच्याइतकं ते मला जमणारही नाही. पण सगळ्यांत धाकटं, त्याला आम्ही शेंडेफळ म्हणतो, थोरल्यांच्या पायदळी जात होतं. रोज संध्याकाळी हळदी खायला उतरली की मी एकेक पिल्लू सोनं मोजायच्या छोट्या काट्यावर ठेवायचे. बाकी तिघांचा आकडा रोज चढायचा, शेंडेफळाचा दोन दिवस तिथेच. गळ्याखालची अन्नाची पिशवी बघितली तर सपाट, रिकाम्या उशीच्या अभ्र्यासारखी.

मग पिल्लांसाठीची तयार पावडर आणली. चमच्याच्या कडा पकडीने दाबून पन्हाळीसारख्या केल्या. सकाळी सहाला आणि रात्री दहाला, दिवसातून दोनदाच. पातळ पेज, ४० अंशांच्या आसपास गरम. मनगटावर थेंब टाकून अंदाज घेणारे खूप आहेत, कृपया तसं करू नका, थर्मामीटर वापरा. त्याहून तीन-चार अंश चढलं तर पिशवी आतून भाजते, गार दिलं तर ते तसंच पडून आंबतं. पहिल्या रात्री शेंडेफळाने तीनच घोट घेतले. चिमुकली चोच चमच्याला धक्के देत होती आणि त्या धक्क्यांनी माझाच हात थरथरत होता. पिशवी भरत आली की कातडीतून ती पेज पिवळसर दिसते. अर्धी भरली तशी थांबले आणि पिल्लू परत आईच्या पोटाखाली सरकवलं. हळदीने त्याला चोचीने एकदा चाचपलं आणि पंखाखाली घेतलं. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते म्हणतात, निदान बजरीगरच्या बाबतीत ते खरं नाही. पैदास करणारे लोक आठवड्याभराच्या पिल्लाच्या पायात कडी घालतात, तेव्हा प्रत्येक पिल्लू हातात घ्यावंच लागतं. सात दिवस वरचं भरवलं, मग त्याचं वजन इतरांसारखं चढू लागलं आणि मी चमचा आवरला.

मडक्यात खाली सुताराकडचा रंधा मारलेला लाकडी भुसा होता, प्लायवूडचा नाही. तो दर तीन-चार दिवसांनी बदलत होते, कारण भुसा दबून तळ गुळगुळीत झाला की पिल्लांचे पाय फाकतात आणि मग जन्माचे फाकलेले राहतात. एवढी मेहनत घेऊन पिल्लू अपंग व्हायचं, याला अर्थ नाही.

आता बंड्या. त्याला मी पिंजऱ्यातच ठेवला होता. यावर तुम्ही उद्गारचिन्हं टाकलीत तीन. मान्य, धोका होता. पोटचा मुलगा असला तरी पक्ष्यांना नातं कळत नाही, त्याने हळदीशी जोडी जमवली असती तर पंचाईत होती. पण तो मडक्याजवळ कधी फिरकला नव्हता आणि हळदी त्याला सोसायची. तसं काही दिसलं असतं तर त्यालाही हलवायला तिसरा पिंजरा तयार होता. सुदैवाने वापरावा लागला नाही, उलटच झालं. पिल्लं मडक्याबाहेर आल्यावर भरवायचं काम प्रामुख्याने बापाचं असतं, आई तोवर थकलेली असते किंवा पुढच्या अंड्यांच्या नादात. थोरलं बाहेर पडलं त्या सकाळी हळदीने त्याला एकदाच भरवलं आणि ती परत आत गेली. ते काडीवर बसून तासभर केकाटत होतं. बंड्या आधी लांब सरकला. मग जवळ आला. मग मान हलवत त्याने चक्क त्याच्या चोचीत दाणे ओकले. त्यानंतर ते पिल्लू त्याच्या मागे लागलं ते आठ दिवस. बाकीच्यांनाही त्याने थोडंफार भरवलं, पण जीव थोरल्यावर.

शेंडेफळ बाहेर पडलं त्याच दिवशी मी मडकं काढून घेतलं, हळदीला पुन्हा अंड्यांचा विचार करायला वाव नको म्हणून. ती दोन दिवस त्या रिकाम्या तारेला चोची मारत होती.

तुम्ही विचारलंत, आता काय स्थिती? चारही पिल्लं स्वतः दाणे फोडतात. शेंडेफळाचा चोचीवरचा पट्टा अजून गुलाबी-जांभळा आहे, म्हणजे बहुधा नर. उडताना जरा डावीकडे कलतो. चिंगी आणि गुंड्या वेगळ्या पिंजऱ्यातच आहेत आणि यंदा त्यांना मडकं द्यायचं नाही असं ठरवलंय. चिंगीला ते मान्य नाही. ती रोज दुपारी बाजरीच्या वाटीत पिसं फुलवून बसते आणि गुंड्या खायला आला की त्याला हाकलते.