वळचणीचं पाणी आढ्याला जातं, मी पाहिलंय

म्हण करणाऱ्याची माफी मागून सांगतो, वळचणीचं पाणी आढ्याकडे जातं. छपरावरच्या दोन स्लेटी, म्हणजे दगडाच्या पातळ फरश्या, एकमेकींना चिकटून बसल्या की मधल्या बारीक फटीत पाणी केशाकर्षणानं वर चढतं. म्हणून तर जुने कारागीर एकीवर एक भरपूर चढवायचे. छपराचा उतार कमी, तर एकीचा दुसरीवरचा हा चढ जास्त. दुरुस्तीत दोन-चार ओळी वाचवायला कुणी हा चढ कमी केला की छप्पर नवंकोरं दिसतं आणि गळतं.

हे आज लिहितोय त्याला निमित्त आहे. मध्यंतरी एका जुन्या इमारतीत बोलावणं आलं. नुकताच जीर्णोद्धार झालेला. दर्शनी भिंत धुतलेली, दिवे लावलेले, फीत कापून झालेली. वर्षाच्या आत रंगवलेल्या छतावर पिवळा डाग. कुणी रंगाला दोष देत होतं, कुणी गिलाव्याला. मी पोटमाळ्याची किल्ली मागितली. ती कुणाकडे असते हेच कुणाला माहीत नव्हतं. दोन तासांनी कुलूप तोडलं.

वर कठड्यामागच्या पन्हळीत मेलेलं कबुतर, पालापाचोळा आणि जीर्णोद्धाराच्याच कामातली सिमेंटची रिकामी गोणी. पाणी तुंबून काठावरून आत उतरत होतं, थेट तुळईच्या भिंतीतल्या टोकावर. तिथे वारा पोचत नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर रेंगाळला की बुरशीला आमंत्रणच. मी स्क्रू ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. पन्हळ साफ करायला अर्धा तास लागला. तुळईसाठी आता परांची, टेकू, सुतार, सगळंच आलं.

माझा राग गोणी विसरणाऱ्यावर नाही. जीर्णोद्धाराला पैसे मिळतात, पन्हळ साफ करायला मिळत नाहीत, यावर आहे. पन्हळ साफ केल्याची पाटी लागत नाही ना! पॅरिसच्या नोत्र दामसाठी निधी जमवायची खटपट २०१७ पासून चालू होती. १५ एप्रिल २०१९ ला छप्पर जळलं आणि काही दिवसांत ८० कोटी युरोंहून जास्त देणग्या जाहीर झाल्या. पुढचं काम अप्रतिम झालं, ओकची लाकडं कुऱ्हाडीनं तासून मध्ययुगीन पद्धतीचा सांगाडा पुन्हा उभा केला, डिसेंबर २०२४ मध्ये दारं उघडली. सुतारांना मनापासून नमस्कार. पण आधी आग लागावी लागते, हे काही बरं नाही. (आणि हो, ही आग लागली तेव्हा दुरुस्ती चालू होती. १६ एप्रिल २०२४ ला कोपनहेगनचं जुनं शेअर बाजार भवन पेटलं, तिथेही परांची होतीच. कारण काहीही असो, छपरावर ब्लोटॉर्च वापरणार असाल तर काम संपल्यावरही तासभर तिथे एक माणूस बसवा.)

याच्या उलट नेदरलँड्समध्ये १९७३ पासून ‘मोन्युमेंटनवाख्त’ ही जुन्या इमारतींची तपासणी करणारी संस्था आहे. इमारतींचे मालक सभासद होतात. ठरल्या वेळी दोघं निरीक्षक अवजारांसकट येतात, छपरावर चढतात, सरकलेलं कौल तिथल्या तिथे बसवतात आणि आधी काय करायचं, नंतर काय, याचा अहवाल देऊन जातात. गाजावाजा काही नाही. मला विचाराल तर वारसा जपणं याहून वेगळं नसतं.

दुसरा राग डांबरावर. गळतंय ना, मग वरून डांबराचा थर द्या, सांध्यात सिमेंट भरा, ताडपत्रीसारखं बंद करून टाका! जुनं छप्पर फटींतून श्वास घेतं. थोडं पाणी आत आलं तर वाऱ्यानं सुकतं. सगळं लिंपून टाकलं की आतली वाफ आतच राहते आणि वासे खालून कुजतात. वर डांबर चढवलेली स्लेट पुन्हा सुटी करून वापरताही येत नाही. बऱ्याचदा स्लेट ठणठणीत असते, तिला धरणारे लोखंडी खिळे गंजलेले असतात. तांब्याचे खिळे घ्या, त्याच स्लेटी परत लावा. छपरावरच्या शिशाच्या पत्र्याचंही तसंच, चूक ठोकण्यात असते. तीन मीटरचा पत्रा तापमानात ५० अंशांचा फरक पडला की सुमारे ४ मिलिमीटर हलतो. सगळीकडून पक्का ठोकला तर हलायला जागा न मिळाल्यानं सुरकुततो आणि तडकतो. तडा सांधून उपयोग नाही, पत्रेच लहान करावे लागतात.

‘पण मूळ छप्पर बदललं तर इमारत जुनी कशी राहील?’ असं एकानं विचारलं. जपानमधल्या क्योतोच्या कियोमिझु-देरा मंदिराचं छप्पर सायप्रस नावाच्या झाडाच्या सालीचं आहे. साल काही दशकांत झिजते, मग नवी चढवतात. गेल्या खेपेचं काम २०२० मध्ये पुरं झालं. झाड न मारता साल काढणारे कारागीर वेगळे, ती छपरावर बसवणारे वेगळे. मंदिर नवं झालं असं कुणी म्हणत नाही. खालचं लाकूड टिकावं म्हणून वरचं झिजतं.

त्या इमारतीतून परवा फोन आला होता. तुळईचं अंदाजपत्रक मंजूर झालंय. पोटमाळ्याला नवं कुलूपही लावलंय. किल्ली कुणाकडे, विचारलं, तर म्हणाले, ‘सांगतो बघून.’