विठ्ठलाचे सहा तुकडे

एकादशीला आईचं भजनी मंडळ आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरी होतं. पूर्वी प्रत्येकीच्या मांडीवर वही असायची, आता समोर टीव्ही असतो. यूट्यूबवर शब्द दिसणारा अभंग लावायचा आणि म्हणायचा. मी चहा घेऊन गेले तेव्हा पडद्यावर संध्याकाळचा घाट, त्यावर पिवळी अक्षरं, अक्षरांना सोनेरी झळाळी आणि वरून गुलाबाच्या पाकळ्यांचा पाऊस. समोर बसलेल्या सगळ्या बायका मात्र अर्धी मात्रा मागे. एक काकू वैतागून म्हणाल्या, "अगं, हा गाऊन झाल्यावर शब्द दाखवतो. मग आम्ही म्हणायचं कधी?"

माझं पोट याच व्हिडिओंवर चालतं, त्यामुळे ते बोलणं लागलं.

लिरिक व्हिडिओत शब्द सुराबरोबर येऊन चालत नाही, आधी यावा लागतो. डोळ्यांनी वाचून तोंडात यायला वेळ जातो ना! मी सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या टाइमलाइनवर ओळ साधारण वीस फ्रेम आधी आणते, आणि गायक ज्या शब्दावर असेल तेवढ्याचाच रंग बदलते. यात माझं डोकं काहीच नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात कार्टून बनवणारे फ्लायशर बंधू थिएटरात प्रेक्षकांना गायला लावायचे, पडद्यावर अख्खी ओळ आधीच असायची आणि तिच्यावरून एक चेंडू शब्दाशब्दाला टुणटुण उडत जायचा. तो चेंडू म्हणजे काठीच्या टोकाला लावलेला गोळा, कुणीतरी हाताने नाचवायचं. त्या हाताला ताल कळत होता. आजच्या तयार टेम्प्लेटला तो कळत नाही.

आता माझं खरं दुखणं. ही टेम्प्लेटं बनतात इंग्रजीसाठी. तिथे एक अक्षर म्हणजे एक तुकडा, एकेक करून उडवा, फिरवा, टाइपरायटरसारखं उमटवा. देवनागरीचं तसं नाही. 'विठ्ठल' आपण तीन अक्षरांत म्हणतो, वि-ठ्ठ-ल. कॉम्प्युटरच्या पोटात त्याचे सहा तुकडे असतात: व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल. त्याला टाइपरायटर इफेक्ट दिला की आधी 'व' येतो, मग त्याला बाजूला ढकलून वेलांटी पुढ्यात घुसते, मग एक सुटा ठ, मग लंगडा ठ, आणि मग एकदाचा जोड लागतो. प्रत्येक शब्दाला ही धडपड. पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतं ते सांगता येत नाही, पण खटकतं. उपाय साधा आहे: सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीचं टेक्स्ट इंजिन निवडायचं आणि हालचाल शब्दाला द्यायची, अक्षराला नाही.

दुसरा अपघात शिरोरेघेचा. 'जरा मोकळं दिसू दे' म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेघ जागोजागी तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. बडोद्यात हे जास्त होतं, कारण इथले एडिटर मुळात गरब्याचे व्हिडिओ करणारे. गुजरातीला शिरोरेघ नाही, तिथे अंतर वाढवलेलं खपून जातं. तीच फाइल उचलून त्यात मराठी आरती टाकली की बोंब. मीही सुरुवातीला हेच केलंय, फाइन आर्ट्सला अप्लाइडला बोरूने शिरोरेघा ओढून हात काळे केलेले असूनही. शिवाय आपल्या ओळी खाली-वर पसरतात. वरच्या ओळीचा दीर्घ उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो, म्हणून इंग्रजीपेक्षा दोन ओळींत जास्त जागा सोडावी लागते. ल आणि श हिंदी वळणाचे आले तर मी तरी ते बदलल्याशिवाय फाइल देत नाही. क्लायंटला फरक दिसत नाही, आईला दिसतो.

गंमत म्हणजे शब्द आणि वेळ एकाच कागदावर कसे मांडायचे, हे आपल्याकडे कधीच सुटलेलं आहे. सूरसागर तलावासमोरच्या म्युझिक कॉलेजची सुरुवात १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या गायनशाळेने झाली, आणि त्यांनी स्वतःची स्वरलिपी बनवली होती. संगीतशास्त्री भातखंडे ज्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेसाठी झटले, तीही १९१६ मध्ये याच गावात भरली. त्यांच्या पद्धतीने छापलेलं बंदिशीचं एक पान उघडून बघा. मात्रांचे खण, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली, 'खाली'ला (टाळी न देण्याच्या मात्रेला) शून्य, वर स्वर, खाली बोल, आणि अक्षर लांबलं की त्यापुढे जितक्या मात्रा तितके 'ऽ'. अक्षर किती थांबायचं ते नुसतं बघून कळतं. मी हल्ली लांबलेल्या अक्षरापुढे ऽऽऽ देते आणि तो रंग हळूहळू भरत नेते. काकूंना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आणि सगळेच शब्द दाखवायला हवेत असंही नाही. १९६५ मध्ये लंडनच्या एका गल्लीत गायक बॉब डिलन पुठ्ठ्यांवर लिहिलेले शब्द एकेक करून खाली टाकत उभा राहिला. त्या पुठ्ठ्यांवर गाण्यातले निवडकच शब्द होते, तरी आजही बघताना नजर हलत नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालाच्या व्हिडिओत एकाच 'पिया'ला बावीस प्रकारे गरगर फिरवणाऱ्यांनी तो एकदा बघावा. बाबांनो, तिथे शब्द एकदा दाखवा आणि बाजूला व्हा.

मागच्या महिन्यात एकांसाठी आरतीसंग्रह केला. गडद मरून पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. बघून म्हणाले, "बेन, सरस छे, पण थोडां फूल-बूल उडाडो ने." मी म्हटलं, शब्द वाचता येणार नाहीत. तर म्हणे, शब्द तो बधाने आवडे छे! सगळ्यांना पाठ असतील तर लिरिक व्हिडिओ कशाला हवाय, हे तोंडावर आलं होतं, पण जीएसटीसकट बिल निघायचं होतं. फुलं उडवली. कोपऱ्यात, अक्षरांच्या मागून, जमेल तितकी फिकट.

फुलांशिवायची फाइल पेन ड्राइव्हवर घालून मंडळाला दिली. गुरुवारी परत जमल्या होत्या. यावेळी कुणी मागे राहिलं नाही, फक्त त्याच काकू मध्येच थांबून म्हणाल्या, "छान आहे गं, पण अजून थोडं मोठं कर. आणि ती खालची ओळ तंबोऱ्यामागे जाते, ती वर घे." टीव्हीपुढे तंबोरा उभा करून ठेवतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आज रात्री सगळ्या आरत्या वर सरकवायच्या आहेत. कुणाला फाइल हवी असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पण उद्यानंतर.