चोर्ला घाटातली माकडे आणि कॅनमोरची कचरापेटी

गावाहून फोन आला की ख्यालीखुशालीनंतर दुसरा विषय माकडांचाच निघतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचे कुळागर, म्हणजे नारळ-पोफळीची बाग आहे, आणि भाऊ सांगतो की यंदाही खोबरे धरण्याआधीच टोळीने आडसरे, म्हणजे कोवळे नारळ पाडले. देठाजवळ बोटभर भोक, पाणी प्यालेले आणि उरलेले फळ पोफळीच्या मुळाशी टाकून दिलेले. त्याचा संताप मला समजतो. म्हणूनच माकडे, रानडुकरे आणि गवेरेडे यांना उपद्रवी, म्हणजे मारायला मुभा असलेले प्राणी, जाहीर करा, ही मागणी गोव्यात पुन्हा पुन्हा उठते तेव्हा ती करणाऱ्यांना निसर्गाचे वैरी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. २०१६ साली तर या चर्चेत मोराचेही नाव घेतले गेले होते. माझी तक्रार वेगळी आहे. या वादात आपण प्राण्यांच्या संख्येवर तावातावाने बोलतो, पण त्यांच्या बदललेल्या सवयींवर आणि त्या कोणी लावल्या यावर फारसे बोलत नाही.

गेली अकरा वर्षे मी कॅनडात, बॅन्फ राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या कॅनमोर या गावात राहतो. येथे घरचा कचरा जवळच्या सामाईक पोलादी पेटीत नेऊन टाकावा लागतो. तिची कडी एका खोबणीत आत दडवलेली असते. माणसाची बोटे तेथे पोहोचतात, अस्वलाचा पंजा पोहोचत नाही. परसातले फळझाड काढून टाकणाऱ्याला नगरपालिका आर्थिक साहाय्य देते, आणि शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात वन्य प्राण्याला खाऊ घातल्यास २५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. कारण एकदा माणसाच्या अन्नाची चव लागलेले अस्वल पुन्हा पुन्हा वस्तीत येते, आणि शेवटी बहुधा गोळी त्यालाच घातली जाते.

मागच्या मे महिन्यात बेळगावहून चोर्ला घाटाने घरी येताना आमच्या पुढची गाडी थांबली आणि काचेतून वेफरचे पाकीट बाहेर आले. पिशवीची सळसळ होताच कठड्यावरची माकडे धावली. त्यांतली एक मादी बॉनेटवर चढली, आणि तिच्या पोटाला बिलगलेल्या पिल्लाने आईची पकड न सोडता एक हात लांब करून माणसाच्या बोटांतला वेफर घेतला. रानातली कोणती फळे केव्हा पिकतात हे ज्या वयात आईसोबत हिंडून शिकायचे, त्या वयात ते पिल्लू गाडीचा ब्रेक ओळखायला शिकत होते.

हे नुकसान कुळागरापुरते थांबत नाही. माकडे फळे खातात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात. रानाची पेरणी बऱ्याच अंशी अशीच होते. उत्तर बंगालमधील बक्सा व्याघ्रप्रकल्पातल्या माकडांवरचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की माणसे खाऊ घालू लागली की माकडे रानफळे कमी खातात, बिया फार दूर जात नाहीत आणि त्यांतल्या बऱ्याच थेट डांबरावर पडतात. आमच्या सत्तरीतल्या म्हादईच्या रानाचे काही वेगळे होईल, असे मानायला मला कारण दिसत नाही.

परदेशात सगळे शहाणपणाने चालते, असे मात्र मी म्हणणार नाही. बॅन्फ गावाच्या आसपास माणसांची वर्दळ वाढल्यावर लांडगे तेथून दूर राहू लागले, आणि त्यांना भिणारी एल्क हरणे वस्तीच्या आश्रयाला आली. त्यांनी विलो आणि अ‍ॅस्पेनचे कोंब खाऊन संपवले, तेव्हा त्याच झाडांवर पोट भरणाऱ्या बीव्हरांची, म्हणजे पाण्यात घर बांधणाऱ्या कुरतडणाऱ्या प्राण्यांची, घरटी घटली आणि झुडपांत राहणारे गाणारे पक्षीही कमी झाले. मालगाड्यांतून रुळांवर सांडणारे धान्य खायला येणारी अस्वले आजही गाडीखाली सापडतात. फरक एवढाच की येथे वाद सुरू झाला की पहिला प्रश्न माणसाच्या वागण्याविषयी विचारला जातो.

येथले उपाय जसेच्या तसे उचलून नेता येणार नाहीत, हेही मी जाणतो. फळझाडे काढा असे सत्तरीत कोणाला सांगणार? आमचे कुळागर म्हणजेच फळझाडे. पूर्वी बागेतल्या मांगरात, म्हणजे खोपटात, कोणीतरी राखणीला असे, हाकारे घालत असे. आता घरातली तरुण मंडळी पणजीला किंवा माझ्यासारखी परदेशात. ज्याने माकडाला वेफर दिला तो पर्यटक संध्याकाळी हॉटेलात पोहोचतो आणि त्या सवयीची किंमत माझा भाऊ नारळांनी चुकवतो. त्याला भरपाई वेळेवर आणि पूर्ण मिळालीच पाहिजे. पण माकडांच्या निर्बीजीकरणाची किंवा त्यांना मारण्याची भाषा करण्याआधी निदान चोर्ला आणि अनमोड या दोन घाटांत सुटीच्या दिवशी वनरक्षक उभे करावेत, खाऊ घालणाऱ्याकडून जागच्या जागी दंड घ्यावा, आणि घाटातल्या टपऱ्यांपाशी हाताने उघडतील पण माकडांना उघडणार नाहीत अशा कचरापेट्या बसवाव्यात. सुरुवात यंदाच्या नाताळच्या गर्दीपासून करता येईल.