‘एआरटीच्या गोळ्याच माणसाला खंगवतात’ : एका संदेशाचा प्रतिवाद

एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या घरांत मोबाइलवरून फिरणारा एक संदेश असे सांगतो की, विषाणूपेक्षा त्याला आवर घालणाऱ्या औषधोपचाराच्या, म्हणजे एआरटीच्या, गोळ्याच अधिक घातक आहेत: त्यांनी गाल बसतात, धडधाकट माणूस अंथरुणाला खिळतो, मूत्रपिंडे निकामी होतात, म्हणून बरे वाटू लागले की गोळ्यांना अधूनमधून सुट्टी द्यावी. हे सारे थोतांड आहे एवढे म्हणून भागणार नाही, कारण यांतल्या काही तक्रारी रुग्णांनी खरोखर सोसलेल्या आहेत.

गाल बसण्याचेच पाहा. १ एप्रिल २००४ रोजी महाराष्ट्रासह सहा राज्यांत मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा अनेकांना दिल्या जाणाऱ्या मिश्रणात स्टॅव्ह्युडिन हे औषध होते. त्याने चेहऱ्यावरची आणि हातापायांची चरबी झडत असे, तळपायांना मुंग्या येऊन आग होत असे आणि क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल साचून जिवावर बेतत असे. आजार लपवून जगावे लागणाऱ्या माणसाला तो केवळ चेहऱ्यावरून ओळखू येण्याची भीती किती जाचत असेल, हे वेगळे सांगायला नको. मात्र २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. आज सरकारी केंद्रांत बहुतेक प्रौढांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची रोज एक एकत्रित गोळी मिळते. या गोळीवर डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी येतात, आणि वजन घटण्याऐवजी वाढल्याचे सांगणारेही पुष्कळ आहेत. जुन्या औषधाचा दोष नव्या औषधाच्या माथी मारणे ही या संदेशातली सर्वांत मोठी चूक आहे.

गोळ्या सुरू केल्यावर आजारी पडण्याचा अनुभवही काहींना येतो, पण त्याचे कारण संदेशात उलटे मांडले आहे. प्रतिकारशक्ती फार खालावलेली असताना शरीरात दडून बसलेल्या क्षयरोगासारख्या संसर्गाशी शरीर झुंजतच नाही. उपचाराने ती शक्ती परतू लागली की ते एकदम प्रतिकार करते आणि ताप, गाठी, धाप अशी लक्षणे उफाळून येतात. म्हणूनच उपचारापूर्वी क्षयाची तपासणी केली जाते, आणि क्षय आढळल्यास त्याची औषधे आधी सुरू करतात. रिफाम्पिसिन हे क्षयावरचे औषध चालू असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावे लागते, म्हणून कोणती औषधे चालू आहेत हे केंद्रात सांगितलेच पाहिजे.

मूत्रपिंडांच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवीच. टेनोफोविरमुळे काही रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, आणि मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा वेदनाशामकांचा सततचा वापर असेल तर धोका वाढतो. त्यासाठीच रक्तातल्या क्रिएटिनिनची (मूत्रपिंडे बाहेर टाकतात त्या टाकाऊ द्रव्याची) तपासणी वेळच्या वेळी करायची असते. पण अहवालातला आकडा थोडा चढला की घाबरून गोळ्या बंद करू नयेत, कारण डोल्युटेग्राविर मूत्रपिंडांतून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याच्या एका मार्गाला अडथळा करते आणि रक्त गाळण्याची क्षमता शाबूत असतानाही पहिल्या काही आठवड्यांत तो आकडा किंचित वाढतो. हा चढ कोणत्या कारणाने आला, याचा निवाडा डॉक्टरांनी करायचा आहे. शिवाय, उपचाराविना राहिलेला एचआयव्ही स्वतःही मूत्रपिंडांना इजा करतो, याचा उल्लेख संदेशात कुठेही नाही.

राहिला गोळ्यांना ‘सुट्टी’ देण्याचा सल्ला. तो सर्वांत घातक आहे आणि त्याची पारख झालेली आहे. ‘स्मार्ट’ या चाचणीत ५,४७२ रुग्णांपैकी एका गटाने सलग उपचार घेतले, तर दुसऱ्या गटाचे उपचार सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या संख्येनुसार थांबवून पुन्हा सुरू केले जात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार थांबवणाऱ्यांमध्ये संधिसाधू (खालावलेल्या प्रतिकारशक्तीचा फायदा घेणारे) आजार व मृत्यू तर अधिक झालेच, शिवाय हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे गंभीर विकारही अधिक आढळले. म्हणजे ज्या अवयवांना वाचवण्यासाठी सुट्टी घ्यायची, त्यांचेच नुकसान वाढले. शिवाय गोळ्या तुटक घेतल्याने विषाणूत औषधाला दाद न देण्याची क्षमता येऊ शकते.

त्रास असह्य झाला तर केंद्रात जाऊन औषध बदलून मागण्याचा मार्ग उघडा आहे: झिडोव्ह्युडिनने रक्त कमी झालेल्यांना, एफाव्हिरेंझने चक्कर आणि भयावह स्वप्नांनी बेजार झालेल्यांना याच मार्गाने दुसरी औषधे दिली गेली.